घरच्या वाइनसाठी कॉर्कर: यंत्राची निवड आणि बूच बसवण्याची पद्धत

वाइनच्या बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो आणि तिच्यात बसवायच्या नेहमीच्या बुचाचा व्यास २४ मिलिमीटर. या साडेपाच मिलिमीटरच्या फरकातच बाटली बंद राहण्याचे रहस्य आहे आणि हाच फरक पार करण्यासाठी कॉर्कर लागतो. बूच आधी सर्व बाजूंनी आवळून १६ मिलिमीटरच्या आसपास आणायचे आणि ते पुन्हा फुलायच्या आत सरळ रेषेत बाटलीच्या गळ्यात उतरवायचे, एवढेच त्याचे काम. आवळणे आणि उतरवणे या मात्र दोन स्वतंत्र क्रिया आहेत. एखादा कॉर्कर त्या एकमेकींपासून किती नीट वेगळ्या ठेवतो यावरून त्याची पारख करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढे यंत्रांची जी तुलना येईल ती याच कसोटीवर केलेली आहे.

बुचाचा स्वभाव

बूच ज्या झाडाच्या सालीपासून बनते त्याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस सुबेर. ही ओकचीच एक जात असून जगातल्या बुचाच्या उत्पादनापैकी जवळजवळ निम्मे पोर्तुगालमधून येते. साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढली जाते आणि झाड जिवंतच राहते. ही साल म्हणजे हवा भरलेल्या सूक्ष्म, बंद पेशींचा समूह असतो आणि तिच्या आकारमानाचा फार मोठा भाग वायूनेच व्यापलेला असतो. म्हणूनच बूच आवळले की लहान होते आणि सोडले की परत फुलते. त्याचा आणखी एक गुण आपल्या कामाचा आहे. रबराचा तुकडा वरून दाबला की तो बाजूंना फुगतो आणि अरुंद जागेत अडकतो. बूच मात्र वरून दाबले तरी बाजूंना जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे दट्ट्याने ढकलताना ते गळ्यातून सरळ खाली सरकते.

परंतु या गुणाला मर्यादा आहे. आवळणी सर्व बाजूंनी सारखी झाली नाही, तर बुचाच्या अंगावर उभी घडी पडते. ही घडी बाटलीत गेल्यावरही पूर्ण मिटत नाही आणि बाटली आडवी ठेवली की वाइन नेमकी त्या घडीतून झिरपत बाहेर येते. घरगुती बाटल्या गळण्याची अनेक कारणे सांगितली जातात, पण गळकी बाटली उघडून बूच काळजीपूर्वक पाहिले, तर बऱ्याचदा ही घडीच दिसते.

बूच कोणते घ्यावे

यंत्र घेण्याआधी बूच ठरवावे, कारण यंत्राची निवड त्यावर अवलंबून आहे. घरगुती वापरासाठी बुचे क्रमांकांनी ओळखली जातात. ९ क्रमांकाचे बूच २४ मिलिमीटर व्यासाचे, ८ क्रमांकाचे साधारण २२ मिलिमीटरचे आणि ७ क्रमांकाचे साधारण १९ मिलिमीटरचे असते. ७ क्रमांकाचे बूच हाताच्या जोरानेही आत जाते, पण ते गळ्यात पुरेसे ताणून बसत नाही. महिन्याभरात संपवायच्या, उभ्या ठेवलेल्या बाटल्यांसाठी ते चालेल. ८ क्रमांक ही तडजोड आहे. साध्या हातकॉर्करने बसवायला ते सोपे जाते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ आडव्या ठेवायच्या बाटल्यांना ९ क्रमांकाचेच बूच हवे.

लांबी साधारणपणे ३८, ४५ आणि ४९ मिलिमीटर अशी मिळते. घरगुती वाइन बहुधा दोन-तीन वर्षांत संपते, तिच्यासाठी ३८ मिलिमीटर पुरते. जास्त काळ मुरवायची असेल तर ४५ घ्यावे.

बुचाच्या प्रकारांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे पैसे वाचवण्याचा मोह होतो. बुचाचे दाणे चिकटवून केलेली साधी दाणेदार बुचे स्वस्त असतात आणि वर्ष-दीड वर्षात प्यायच्या वाइनसाठी पुरेशी असतात. दाणेदार गाभ्याच्या दोन्ही टोकांना अखंड बुचाची चकती लावलेली बुचे त्याहून बरी. अगदी बारीक दाण्यांची, स्वच्छ केलेल्या भुशापासून बनवलेली तांत्रिक बुचे एकसारखी असतात आणि घरगुती वापरासाठी मला तीच सर्वांत भरवशाची वाटतात. अखंड नैसर्गिक बूच दीर्घकाळ मुरवण्यासाठी उत्तम, पण त्याच्या प्रतीमध्ये फार फरक असतो. स्वस्तातले अखंड बूच भोके आणि भेगा घेऊन येते आणि अशा वेळी चांगल्या प्रतीचे तांत्रिक बूच त्याच्यापेक्षा सरस ठरते. प्लॅस्टिकच्या कृत्रिम बुचांना बुरशीचा वास लागण्याचा प्रश्न नसतो, मात्र ती आवळायला कठीण असतात आणि साध्या यंत्रात त्यांच्यावर घडी चटकन पडते.

बुरशीच्या वासाचा उल्लेख आला म्हणून एक सूचना इथेच देतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बंद तळघरासारखा जो वास काही बाटल्यांना येतो, त्यामागे २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचे संयुग असते. काही बुरशा क्लोरीनयुक्त फिनॉलपासून ते तयार करतात आणि अत्यल्प प्रमाणातही ते नाकाला जाणवते. म्हणून बुचे, कॉर्कर किंवा वाइनच्या खोलीतली लाकडी साधने धुण्यासाठी क्लोरीनचे ब्लीच कधीही वापरू नये.

कॉर्करचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे नळीत बूच घालून वरच्या दट्ट्यावर रबरी हातोडा मारायचा कॉर्कर. यात आवळणे आणि उतरवणे एकाच ठोक्यात होते. बूच निमुळत्या नळीतून जाताना जेवढे दबेल तेवढेच दबते, त्यामुळे ९ क्रमांकाचे कोरडे बूच त्यातून क्वचितच नीट जाते. शिवाय प्रत्येक ठोका थेट बाटलीच्या तळापर्यंत पोहोचतो. वर्षाकाठी पाच-सहा बाटल्या भरणाऱ्याने हा घेतला तर हरकत नाही, मात्र बाटलीखाली जाड रबर किंवा घडी घातलेले फडके ठेवावे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

दुसरा प्रकार दोन दांड्यांचा हातकॉर्कर. बाटलीच्या तोंडावर तो बसवायचा, वरच्या खोबणीत बूच ठेवायचे आणि दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी खाली आणायचे. तरफेमुळे जोर वाढतो आणि दट्ट्या सरळ खाली येतो. परंतु इथेही बूच निमुळत्या नळीतूनच ढकलले जाते, म्हणजे आवळणे आणि उतरवणे अजून एकत्रच आहे. ८ क्रमांकाच्या बुचासाठी हा चांगला. ९ क्रमांकासाठी खांद्यांत बळ हवे आणि कोणीतरी बाटली धरायला हवे. एका वेळी दहा-पंधरा बाटल्यांपर्यंत मी हाच सुचवेन.

तिसरा प्रकार कमी दिसतो, पण तत्त्व समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. यात दोन मुठी आवळल्या की बूच दोन अर्धगोल जबड्यांत दाबले जाते आणि मग वेगळा दांडा ढकलून ते खाली उतरवले जाते. हातात मावणाऱ्या यंत्रातही दोन्ही क्रिया वेगळ्या होतात. त्याची उणीव अशी की जबडे दोनच असल्यामुळे ते जिथे मिळतात तिथे बूच चिमटले जाऊन घडी पडू शकते आणि दट्ट्या बारीक असल्याने बुचाच्या डोक्यावर खळगा राहतो.

चौथा आणि माझ्या मते सर्वांत योग्य प्रकार म्हणजे जमिनीवर उभा राहणारा कॉर्कर. बाटली स्प्रिंगच्या पाटावर ठेवली की ती वर उचलली जाऊन तिचे तोंड जबड्यांखाली घट्ट बसते. मोठा दांडा खाली ओढू लागलो की पहिल्या टप्प्यात जबडे एकमेकांकडे सरकून बूच सर्व बाजूंनी आवळतात आणि आवळणी पूर्ण झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात दट्ट्या ते खाली उतरवतो. एकाच ओढीत दोन्ही कामे होत असली तरी ती एकामागून एक होतात. शरीराचे वजन दांड्यावर येत असल्यामुळे ९ क्रमांकाचे कोरडे बूचही फारसे श्रम न पडता बसते.

या प्रकारात पोर्तुगीज आणि इटालियन अशा दोन घडणी नेहमी दिसतात. पोर्तुगीज कॉर्कर हलका असतो आणि त्याचे जबडे टणक प्लॅस्टिकचे असतात. इटालियन कॉर्कर जड असतो आणि त्याचे जबडे पितळेचे असतात. एका हंगामात साठ-सत्तर बाटल्या करणाऱ्याला पोर्तुगीज यंत्र वर्षानुवर्षे पुरेल. कृत्रिम बुचे वापरायची असतील, शेकडो बाटल्या करायच्या असतील किंवा यंत्र चार जणांत मिळून वापरायचे असेल, तर पितळी जबड्यांचे यंत्र घ्यावे. टेबलाला स्क्रूने बसवायचा कॉर्करही याच तत्त्वावर चालतो. ज्यांना वाकून काम करणे जमत नाही त्यांच्यासाठी तो सोयीचा, मात्र टेबल भक्कम हवे.

घेण्यापूर्वी काय तपासावे

दुकानात किंवा जुने यंत्र विकणाऱ्याकडे जाताना दोन-चार बुचे सोबत न्यावीत. बाटली न ठेवता यंत्रात बूच घालून दांडा पूर्ण ओढावा. खाली पडलेले बूच लगेच हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहावे. त्यावर जबड्यांच्या जोडांच्या फिकट रेषा दिसतील, त्या काही मिनिटांत बऱ्याच पुसट होतात. पण नखाला लागेल अशी खोल घडी किंवा कापल्याची खूण असेल तर ते जबडे झिजलेले किंवा वाकलेले आहेत. बुचाच्या डोक्यावर खळगा पडला असेल तर दट्ट्याचे टोक अरुंद आहे किंवा त्याच्या कडा गेल्या आहेत. दट्ट्या जबड्यांच्या बरोबर मध्यातून उतरतो का, पाटाची स्प्रिंग बाटलीला तोंडाशी खरोखर दाबून धरते का आणि दट्ट्याची खोली कमी-जास्त करण्याचा नट फिरतो का, या तीन गोष्टीही पाहाव्यात. खोलीचा नट गंजून अडकलेला असेल तर ते यंत्र जवळजवळ निरुपयोगी समजावे, कारण ३८ आणि ४५ मिलिमीटरच्या बुचांसाठी आणि वेगवेगळ्या बाटल्यांसाठी तो फिरवावाच लागतो. तुमच्याकडे दीड लिटरच्या किंवा ३७५ मिलिलिटरच्या बाटल्या असतील तर त्या पाटावर बसतात का, हेही प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

बाटल्या

बुचासाठी केलेल्या बाटल्याच वापराव्यात. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या पुष्कळ मिळतात आणि त्या वापरण्याचा मोह होतो, पण त्यांच्या गळ्याचा आतला आकार बुचासाठी घडवलेला नसतो आणि आट्यांपाशी काच दाब सोसेलच याची खात्री नसते. बूच उतरताना गळा तडकला तर काचेची कपची वाइनमध्ये जाते किंवा हातात शिरते. तोंडाला बारीकसा टवका असलेली बाटलीही बाजूला काढावी. बोट फिरवून पाहण्यापेक्षा उजेडासमोर धरून पाहणे सुरक्षित.

बाटल्या गरम पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करून, मग जंतुनाशक द्रावणाने खंगाळून उलट्या निथळत ठेवाव्यात. सल्फाइट वापरणार असाल तर एक लिटर पाण्यात सुमारे १२ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरते. या द्रावणातून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो, म्हणून काम हवेशीर जागेत करावे आणि दम्याचा त्रास असणाऱ्याने ते दुसऱ्याकडे सोपवावे. गळ्याचा आतला भाग मात्र बूच बसवताना कोरडा असला पाहिजे. ओल्या काचेवरून बूच सहज घसरते, आणि जसे सहज आत जाते तसेच आतल्या दाबाने सहज वरही येते.

वाइन तयार आहे का

कितीही चांगला कॉर्कर असला तरी आंबणे चालू असलेली वाइन बुचाने बंद ठेवता येत नाही. एक लिटर वाइनमध्ये उरलेली सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली तर बंद बाटलीत साधारण १ ॲटमॉस्फिअर दाब तयार होतो. म्हणजे ८ ते १० ग्रॅम साखर नकळत राहून गेली, तरी दोन ॲटमॉस्फिअरहून अधिक दाब येतो; सरळ बूच तेवढ्याने वर सरकते आणि त्याहून जास्त दाबाला साधी बाटली फुटू शकते. म्हणून हायड्रोमीटरने सापेक्ष घनता मोजावी. कोरड्या, म्हणजे गोडवा न उरलेल्या, वाइनची घनता बहुधा ०.९९० ते ०.९९८ च्या दरम्यान येऊन थांबते आणि काही दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे तंतोतंत सारखी असली पाहिजेत. गोड ठेवायची वाइन आधी पूर्ण आंबवून, गाळावरून काढून, पोटॅशियम सॉर्बेट (पुन्हा आंबणे रोखणारे रसायन) आणि सल्फाइट घालून स्थिर केल्यावरच गोड करावी आणि नंतरही काही काळ मोठ्या भांड्यात थांबून पाहावी.

दुसरी बाब विरलेल्या कार्बन डायऑक्साइडची. आंबणे संपले तरी हा वायू वाइनमध्ये राहतो. एका लहान बाटलीत अर्धी वाइन घेऊन, तोंडावर अंगठा दाबून जोरात हलवावी. अंगठा काढताच फुसकन आवाज आला तर वाइन अजून हलवून किंवा काही आठवडे थांबून वायू काढायला हवा. थंड खोलीत भरलेली वायुयुक्त वाइन उन्हाळा आला की बुचे वर ढकलते.

बुचांची तयारी

जुन्या सूचनांत बुचे उकळायला किंवा रात्रभर भिजवायला सांगितलेले असते. ती पद्धत मी कोणालाही सुचवत नाही. आजची बुचे कारखान्यातून साधारण ५ ते ८ टक्के ओलाव्याची, पृष्ठभागावर सिलिकॉन किंवा पॅराफिनचा पातळ थर दिलेली आणि बहुधा सल्फर डायऑक्साइड भरलेल्या बंद पिशवीत येतात. उकळल्याने हा थर निघून जातो, बुचाचा चिवटपणा कमी होतो आणि दाबताना तपकिरी पाणी वाइनमध्ये उतरते. पिशवी नुकतीच उघडली असेल आणि जमिनीवरचा कॉर्कर वापरत असाल, तर बुचे तशीच कोरडी वापरावीत.

पिशवी उघडून बरेच दिवस झाले असतील तर झाकणाची बादली घ्यावी, तिच्या मध्यभागी सल्फाइटचे द्रावण अर्धे भरलेली उघडी बरणी ठेवावी, भोवती कोरडी बुचे पसरावीत आणि झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवावे. वायूने बुचे निर्जंतुक होतात आणि हवेतल्या ओलाव्याने ती मऊ होतात. द्रावणाचा स्पर्श बुचाला होत नाही. हातोड्याचा किंवा दोन दांड्यांचा कॉर्कर असेल तर बुचे सल्फाइटच्या कोमट द्रावणात दहा-पंधरा मिनिटे बुडवून, निथळून वापरली तर जोर कमी लागतो. त्याहून जास्त वेळ ठेवू नये.

यंत्राची जुळणी

वाइन बाटल्यांत भरण्याआधी एका बाटलीत नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरून यंत्राची चाचणी घ्यावी. रिकामी बाटली या कामाला उपयोगी नाही, कारण तिच्यात हवा भरपूर असल्यामुळे भरलेल्या बाटलीतला दाब तिच्यात तयारच होत नाही आणि बूच खऱ्यापेक्षा सहज बसते. बूच बसल्यावर त्याचे डोके बाटलीच्या काठाशी समपातळीत किंवा फार तर एक मिलिमीटर आत असावे. वर राहिले तर दट्ट्याचा नट फिरवून खोली वाढवावी, जास्त आत गेले तर कमी करावी. दोन-तीन बुचे यात वाया गेली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे. जुळणी झाल्यावर चेकनट, म्हणजे खोलीचा नट हलू न देणारा दुसरा नट, घट्ट आवळून ठेवावा.

भरण्याची पातळी

भरलेल्या वाइनच्या आणि बुचाच्या खालच्या टोकाच्या मधली मोकळी जागा १२ ते १५ मिलिमीटर ठेवावी. हे माप कमी-जास्त झाले तर काय होते, ते हिशोबाने पाहू. ७५० मिलिलिटर वाइन १० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे २ ते २.५ मिलिलिटरने प्रसरण पावते. १९ मिलिमीटर व्यासाच्या गळ्यात एक सेंटिमीटर उंचीला जेमतेम २.८ मिलिलिटर मावतात, म्हणजे वाइनची पातळी ८ मिलिमीटरच्या आसपास वर चढते. १५ मिलिमीटर जागा ठेवली असेल तर हवेला दबायला वाव उरतो. ५ मिलिमीटरच ठेवली असेल तर वाइन थेट बुचाला ढकलते. जागा फार मोठी ठेवली तर उलट तोटा होतो, कारण जास्त प्राणवायू अडकतो आणि वाइनचा रंग व चव लवकर उतरते. थंड खोलीत भरत असाल तर पातळी किंचित खाली ठेवावी.

सोपी युक्ती अशी की कागदाच्या पट्टीवर बुचाची लांबी अधिक १५ मिलिमीटर एवढे अंतर आखून ती गळ्याशी धरावी. ३८ मिलिमीटरच्या बुचासाठी काठापासून ५३ मिलिमीटर आणि ४५ च्या बुचासाठी ६० मिलिमीटर खाली वाइनची पातळी येईल.

प्रत्यक्ष बूच बसवणे

तेवीस लिटरच्या भांड्यातून साधारण तीस बाटल्या निघतात. एकाने सायफन नळीने भरायचे आणि दुसऱ्याने बूच बसवायचे, अशी जोडी असेल तर उत्तम, कारण भरलेली बाटली उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. एकटेच असाल तर चार-पाच बाटल्या भराव्यात, त्यांना बुचे बसवावीत आणि मग पुढच्या भराव्यात.

आधी जबडे आणि दट्ट्याचे टोक सल्फाइटच्या किंवा निर्जंतुक अल्कोहोलच्या फडक्याने पुसून घ्यावे. बाटली पाटावर मध्यभागी ठेवून तिचे तोंड वरच्या वर्तुळात नीट बसल्याची खात्री करावी. इथे तिरकी राहिलेली बाटली हेच तिरक्या बुचाचे नेहमीचे कारण असते. बूच जबड्यांत सरळ उभे टाकावे. त्याच्या एका टोकाला टवका किंवा मोठे भोक असेल तर ते टोक वर आणि नितळ टोक वाइनच्या बाजूला ठेवावे.

आता दांडा ओढायचा. पहिल्या भागात, जबडे आवळत असताना, हात सावकाश असावा, म्हणजे बुचाला सर्व बाजूंनी सारखे दबायला वेळ मिळतो. जबडे मिटल्याचे हाताला जाणवते. तिथून पुढे थांबू नये. दट्ट्याची ओढ एका दमात, ठाम आणि न अडखळता शेवटपर्यंत न्यावी. अर्ध्यावर थांबलेले बूच गळ्यातच फुलून घट्ट बसते आणि मग त्याला हलवायला दुप्पट जोर लागतो. दांडा तळाला टेकल्यावर क्षणभर तिथेच धरून मग वर न्यावा. बाटली काढल्यावर लगेच बुचाकडे पाहावे, कारण चूक तेव्हाच दिसली तर पुढच्या बाटल्या वाचतात.

दोन दांड्यांच्या हातकॉर्करने काम करताना बाटली जमिनीवर, दोन पायांच्या मध्ये, रबराच्या चटईवर ठेवावी आणि दोन्ही दांडे अगदी बरोबरीने खाली आणावेत. एक हात पुढे गेला की बूच तिरके जाते. गळ्याभोवती जाड फडके गुंडाळावे, म्हणजे काच तडकली तरी हाताला इजा होणार नाही.

बसवल्यानंतर

बूच पिस्टनसारखे खाली येताना गळ्यातली हवा दाबते. त्यातली काही निसटते, काही आतच राहते. बूचही सुटल्याबरोबर बहुतांश फुलते, पण पुरते ताणून बसायला त्याला एक-दोन दिवस लागतात. या दोन्ही कारणांसाठी बाटल्या किमान तीन दिवस उभ्या ठेवाव्यात. लगेच आडव्या केल्या तर दाबलेली हवा वाइनच्या मागे जाते आणि अजून न फुललेल्या बुचाच्या कडेने वाइनलाच बाहेर ढकलते. तीन दिवसांनी बुचे पुन्हा तपासून बाटल्या आडव्या कराव्यात, म्हणजे बूच ओले राहून आकसत नाही. साठवणीची जागा अंधारी आणि शक्य तर १२ ते १५ अंशांची असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथले तापमान दिवसातून वर-खाली होता कामा नये. आकसणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या किंवा मेण लावायचे असेल तर बूच स्थिरावल्याची खात्री झाल्यावरच लावावे.

बूच दुसऱ्या दिवशी वर आलेले दिसले तर कारण गळ्यातला ओलावा, अपुरी मोकळी जागा किंवा वाइनमधला वायू यांपैकी एक असते. एकच बाटली असेल तर पहिली दोन कारणे शोधावीत. सगळ्याच बाटल्यांची बुचे थोडी थोडी वर आली असतील तर वाइन पुन्हा आंबते आहे असे धरून चालावे, बाटल्या ताबडतोब थंड जागी न्याव्यात आणि डोळ्यांना व हातांना संरक्षण लावून एकेक उघडून वाइन परत मोठ्या भांड्यात ओतावी. वर आलेले बूच नुसते खाली ठोकून बसवणे धोक्याचे आहे.

फेसाळ वाइन आणि बिअर

वर सांगितलेले सगळे वायुरहित वाइनसाठी आहे. फेसाळ वाइनच्या बाटलीत ५ ते ६ ॲटमॉस्फिअर दाब असतो आणि तिला जाड काचेची बाटली, सुमारे ३० मिलिमीटर व्यासाचे बूच आणि वरून तारेची जाळी लागते. हे बूच निम्मेच आत जाते. नेहमीच्या कॉर्करच्या जबड्यांत ते शिरत नाही. त्यासाठी मोठ्या जबड्यांचे वेगळे यंत्र मिळते. ते परवडत नसेल तर त्याच बाटल्यांसाठी केलेली प्लॅस्टिकची टोपीवजा बुचे रबरी हातोड्याने बसवून, जाळी लावून काम भागते. जाळीच्या फासाला सहा अर्धे वळसे देण्याची रीत आहे.

बिअरसाठी मात्र पत्र्याचे क्राउन झाकणच योग्य. विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि त्याचे तत्त्व आजही तेच आहे: झाकणाच्या दात्यांची कड काचेच्या ओठाखाली वळवायची आणि आतला अस्तराचा थर ओठावर दाबून धरायचा. २६ आणि २९ मिलिमीटर अशी त्याची दोन मापे असतात. बाटलीचे माप पाहून यंत्राची वाटी त्याच मापाची लावावी. दोन दांड्यांचे हातयंत्र बाटलीच्या मानेवरील कड्याला पकडते, त्यामुळे ज्या बाटल्यांचे कडे बारीक आहे त्यांवर ते घसरते आणि कधी मान मोडते. टेबलावरचे उभे यंत्र फक्त वरून दाबते, म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्या जमवणाऱ्याने तेच घ्यावे. २६ मिलिमीटरचे झाकण नीट वळले असेल तर त्याच्या कडेचा बाहेरील व्यास २८.६ ते २८.८ मिलिमीटर भरतो; कॅलिपरने पहिल्या दोन-तीन बाटल्या मोजून घ्याव्यात. बेल्जियन पद्धतीच्या जाड बाटल्यांत बूच आणि जाळी लावून बिअर ठेवता येते, पण साध्या वाइनच्या बाटलीत सरळ बूच बसवून बिअर कधीही भरू नये.

यंत्राची निगा

काम संपताच जबडे कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावेत. सल्फाइट लोखंडावर राहिले तर गंज चढतो आणि पितळही काळवंडते. बिजागऱ्यांना आणि दांड्याच्या खिळ्यांना खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या वंगणाचा एक थेंब द्यावा. जबड्यांच्या आतल्या बाजूला मात्र तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण ते बुचाबरोबर थेट गळ्यात जाते. जबड्यांच्या सांध्यांत अडकलेला बुचाचा भुसा मऊ ब्रशने काढावा, नाहीतर पुढच्या वेळी जबडे पूर्ण मिटत नाहीत. यंत्र ठेवताना दांडा वरच्या स्थितीत असावा, म्हणजे जबडे उघडे आणि स्प्रिंग सैल राहते. उरलेली बुचे पिशवीतली हवा काढून, तोंड घट्ट बांधून, मसाले, साबण, रंग अशा उग्र वासाच्या वस्तूंपासून दूर ठेवावीत आणि पिशवी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी.